टीव्ही बघून पत्ते येतात का?

गेल्या रविवारी सकाळी नाशिकहून मावसभावाचा फोन. हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २२, आणि जगातली कुठलीही गोष्ट यूट्यूबवरून शिकता येते यावर त्याची अढळ श्रद्धा. (गिटार तिथूनच शिकला. शेजाऱ्यांचं मत विचारू नका.) इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर गडी मुद्द्यावर आला.

"दादा, पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण गोव्याला चाललोय. मांडवीतल्या त्या कॅसिनोच्या बोटींवर पोकरचं टेबल असतं ना, तिथे बसायचा विचार आहे. सहा महिने रोज दोन तास बघतोय मी. आता समोरच्याकडे काय आहे ते मला साधारण आधीच कळतं. बसू ना?"

"आधीच म्हणजे कधी?"

"म्हणजे... स्क्रीनवर दिसतंच की."

मी हसलो, तोही हसला. पण फोन ठेवल्यावर दिवसभर ते डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य, अगदी ह्याच आत्मविश्वासाने, मीही एकदा बोललो होतो आणि त्याची व्यवस्थित फी भरून आलो होतो. आईला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा हे वाचणाऱ्या नातेवाईकांनी कृपया गप्प बसावं. :-)

झालं असं की २०२३ साली मी वर्षभर न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. तिथल्या थंडीत शनिवारी माणसाने करायचं काय? कपडे लाँड्रीत टाकायचे, आठवड्याची भाजी करून डब्यांत भरायची आणि सोफ्यावर पडून जे दिसेल ते बघायचं. एका विकांताला रूममेटने २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे जुने भाग लावले आणि आम्ही तिघं जे चिकटलो ते चिकटलोच. मग 'वर्ल्ड पोकर टूर' झालं, 'हाय स्टेक्स पोकर' झालं. मार्च उजाडेपर्यंत घरात भाषाच बदलली होती. भांडी कोणी घासायची यावरही "रेझ", "कॉल" चालायचं. टीव्हीवर कोणी चुकीचा फोल्ड केला की आम्ही "अरे, काय माणूस आहे हा!" म्हणून ओरडायचो. ज्यांच्यावर ओरडायचो त्यांनी ह्या खेळावर घरं घेतलेली होती, आणि आमचं घर भाड्याचं होतं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात. मग टेबलावर पाच पानं उघडी पडतात: आधी तीन एकदम (त्याला फ्लॉप म्हणतात), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). ह्या सात पानांतून आपली सगळ्यात भारी पाच धरायची. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे, नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं, म्हणजे फोल्ड. तीन पत्ती खेळलेल्या माणसाला हे दहा मिनिटांत कळतं. कळणं वेगळं आणि येणं वेगळं, आणि माझा सगळा मुद्दा ह्या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

तर एप्रिलमध्ये आम्ही बसने अटलांटिक सिटीला गेलो. एका कॅसिनोत एक-दोन डॉलरचं टेबल, म्हणजे सगळ्यात खालचं. ३०० डॉलर घेऊन बसलो. पहिल्या अर्ध्या तासातच धक्का बसला तो कंटाळ्याचा. पानं येतात ती भिकार. एक्का-चौकी, नव्वी-दुर्री, राणी-तिर्री. टीव्हीवर असं कुठे होतं? तिथे तर दर दोन मिनिटांनी कोणीतरी सगळं पणाला लावतं. मग मीच जरा रंग भरायला घेतला. राजा-सत्ती खेळलो, दश्शी-छक्की खेळलो. तासाभरात ८० डॉलर गेले.

माझ्या डावीकडे दोन खुर्च्या सोडून एक म्हातारे गृहस्थ होते. सत्तरीचे असतील. सारखे पानं उचलायचे, बघायचे, टाकायचे आणि कॉफीचा घोट घ्यायचे. मला वाटलं, बिचारे वेळ घालवायला येतात. मग एका डावाला माझ्याकडे किलवर राजा-राणी आली. मी वाढवलं, आजोबांनी भरलं. फ्लॉप पडला: इस्पिक गुलाम, चौकट अठ्ठी, इस्पिक तिर्री. मला काही लागलं नाही, पण मी पैसे लावले. त्यांनी शांतपणे भरले. टर्नला बदाम चौकी. परत लावले, परत भरले. रिव्हरला इस्पिक दुर्री आली, म्हणजे टेबलावर तीन इस्पिक झाली, आणि माझ्या अंगात २००३ ची वर्ल्ड सिरीज संचारली. 'माझ्याकडे इस्पिकचा फ्लश आहे' असं दाखवायची ह्याहून चांगली संधी कुठली? उरलेलं सगळं मधे ढकललं. आजोबांनी अर्धा मिनिट टेबलाकडे बघितलं (माझ्याकडे नाही, हे नंतर लक्षात आलं) आणि भरले. त्यांच्याकडे अठ्ठीची जोडी होती. फ्लॉपलाच तीन अठ्ठ्या झाल्या होत्या.

चिप्स ओढून घेताना ते म्हणाले, "टीव्हीवर बरंच बघतोस वाटतं?" टोमणा नव्हता तो. डॉक्टर विचारतात ना, "बाहेरचं खाल्लं होतं का?", तशा सुरात.

त्यानंतर मी आणखी २०० डॉलर घेतले आणि तेही घालवले, पण तो भाग वेगळा मूर्खपणाचा आहे, त्याचं खापर टीव्हीवर फोडता येणार नाही. एकूण ५००. तेव्हाच्या भावाने ४० हजारांच्या वर.

परतीच्या बसमध्ये साधा हिशेब केला. आजोबांनी दोन तासांत किती डाव खेळले? मला आठवले तीन. म्हणजे दोन तास पानं टाकणारा माणूस मी लावलेले पैसे तीनदा भरतो, तेव्हा त्याच्याकडे काहीतरी भारी असणार हे शेंबड्या पोरालाही कळायला हवं होतं. मला कळलं नाही, कारण मी तोवर शेकडो डाव बघितले असले तरी दोन तास पानं टाकणारा माणूस एकदाही बघितला नव्हता. तो टीव्हीवर येतच नाही. त्याचा सगळा भाग कापून टाकलेला असतो!

इथेच खरी गोम आहे. कॅसिनोच्या टेबलावर तासाला साधारण ३० डाव होतात. नऊ जणांच्या टेबलावर शहाणा खेळाडू त्यातले पाच-सात खेळतो, बाकीचे बघूनच टाकतो. दोन एक्के हातात यायचं प्रमाण २२१ डावांत एकदा, म्हणजे तासाला ३० डाव धरले तर सात-साडेसात तासांत एकदा. कुठलीही जोडी यायचं प्रमाण १७ डावांत एकदा. आता टीव्हीचा तासाभराचा भाग घ्या. जाहिराती वगळून पाऊण तास उरतो, आणि अंतिम टेबलावरच्या शे-दोनशे डावांतले दहा-पंधरा त्यात बसवायचे असतात. एडिटर कुठले निवडेल? सगळ्यांनी पानं टाकली आणि एकाने बारकी रक्कम उचलली, हे? त्याला नोकरी प्यारी आहे. तो एक्के विरुद्ध राजे निवडणार. 'हाय स्टेक्स पोकर'मधला डॅनियल नेग्रानू आणि गस हॅन्सनचा प्रसिद्ध डाव घ्या. एकाकडे छक्कीची जोडी, दुसऱ्याकडे पंजीची. फ्लॉपला नव्वी-छक्की-पंजी आणि टर्नला आणखी एक पंजी. नेग्रानूचं फुल हाउस आणि हॅन्सनच्या चार पंज्या! ५ लाख ७५ हजार डॉलरच्या वरचा डाव. बघायला अफलातून. पण त्यातून शिकायचं काय? दोघांपैकी कोणीही असतं तरी जवळपास तसंच खेळलं असतं. अख्ख्या आयुष्यात एकदा येणारा डाव आहे तो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात मात्र तो 'पोकर म्हणजे हे' म्हणून बसतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ह्यासाठी शब्द आहे: सँपलच गंडलेलं आहे. प्रॉडक्शन सर्व्हरच्या लॉगमधून फक्त क्रॅश झालेल्या दिवसांच्या फाइली नव्या पोराला वाचायला दिल्या तर त्याला वाटेल की सर्व्हर रोजच पेटतो. तो पहिल्याच दिवशी अग्निशमनाचं यंत्र घेऊन ऑफिसात येईल. मीही तसाच गेलो होतो.

आणखी एक गोष्ट अशीच कळत नाही. टीव्हीवर आपण बघतो ते बहुधा स्पर्धेचं अंतिम टेबल, जिथे कधी सहा जण असतात, कधी तीन, शेवटी दोन. माणसं कमी झाली की हलक्या पानांची किंमत वाढते. दोघांतच डाव असेल तर राजा-सत्ती बऱ्यापैकी पानं आहेत. नऊ जणांत तीच पानं कचरा, कारण आठातल्या कोणाकडे तरी ह्याहून बरं असण्याची शक्यता दाट. पानं तीच, पण खेळ वेगळा. गल्लीतल्या एक टप्पा आउटवाल्या क्रिकेटचे डावपेच कोणी कसोटीला वापरत नाही. शिवाय कॅसिनो प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेतो, तोही टीव्हीवर दिसत नाही. तो वजा करूनही वर राहायचं असतं.

पण हे सगळं मला दुय्यम वाटतं. कापाकापी न केलेलं अखंड प्रक्षेपण आता जालावर भरपूर मिळतं. त्यात फोल्डही दिसतात, कंटाळाही दिसतो. २०११ साली वर्ल्ड सिरीजचं मुख्य टेबलही काही मिनिटांच्या विलंबाने जवळपास थेट दाखवलं गेलं. म्हणजे कापाकापीचं औषध आहे. ज्याचं औषध नाही, निदान सोपं औषध नाही, ती गोष्ट म्हणजे आपल्याला सगळ्यांची पानं दिसतात.

ही सोय फार जुनी नाही. वर्ल्ड सिरीज सुरू झाली १९७० साली, लास व्हेगासला बिनियन्स हॉर्सशू नावाच्या कॅसिनोत. टीव्हीवर ती अधूनमधून यायची पण प्रेक्षक कंटाळायचे. दोन माणसं एकमेकांकडे टक लावून बघतात, मग एक पानं टाकतो, संपलं. काय होतं त्याच्याकडे? देव जाणे. हेन्री ओरेनस्टाइन नावाच्या गृहस्थाला ह्यावर उपाय सुचला. हा माणूस म्हणजे एक स्वतंत्र लेख आहे. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आला, खेळण्यांच्या धंद्यात नाव काढलं. ट्रान्सफॉर्मर्स ही खेळणी अमेरिकेत आली त्यात ह्याचा मोठा हात. स्वतः पट्टीचा पोकर खेळाडू, १९९६ साली वर्ल्ड सिरीजमधली सेव्हन कार्ड स्टडची स्पर्धा जिंकलेला. १९९५ साली त्याला पेटंट मिळालं ते पालथी पानं प्रेक्षकांना दाखवण्याच्या यंत्रणेचं. १९९९ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर 'लेट नाइट पोकर'मध्ये टेबलात काच बसवून तिच्याखालून पानं दाखवली गेली, आणि २००३ साली ट्रॅव्हल चॅनलवर 'वर्ल्ड पोकर टूर' सुरू झाल्यावर अमेरिका वेडी झाली.

त्याच वर्षी टेनेसीचा ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट (आडनाव खरंच आहे!) ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजला पोचला आणि जिंकला. २५ लाख डॉलर. मुख्य स्पर्धेची फी १० हजार डॉलर, पण ह्याने फेरीसाठी भरले होते शंभराच्या आत. पुढचे आकडे बघण्यासारखे आहेत. २००३ साली मुख्य स्पर्धेला ८३९ जण होते, २००४ साली २,५७६, २००५ साली ५,६१९ आणि २००६ साली ८,७७३. टीव्ही बघून लोक पोकर शिकतात असं म्हणणारे हे आकडे तोंडावर फेकतात. पण ह्यातून कळतं ते एवढंच की टीव्ही बघून लोक खेळायला येतात. शिकून आले की नाही हे त्या तक्त्यात कुठे आहे? टेबलावर बसलेल्या जुन्या मुरलेल्या लोकांना नव्या गर्दीचं दुःख झाल्याचं काही ऐकिवात नाही.

आता त्या मनीमेकरचाच तो डाव बघू, ज्याच्यापायी माझे २२० डॉलर एका दमात गेले. शेवटी दोघंच उरलेले: मनीमेकर आणि सॅमी फर्हा, लेबनॉनमध्ये जन्मलेला कसलेला जुगारी, ओठात न पेटवलेली सिगारेट. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. फर्हाकडे इस्पिकची राणी आणि बदाम नव्वी. फ्लॉप: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फर्हाला नव्वीची जोडी, मनीमेकरला काही नाही. टर्नला इस्पिक अठ्ठी. आता मनीमेकरला एक इस्पिक आलं तर फ्लश, पंजी किंवा दश्शी आली तर सिक्वेन्स. रिव्हरला आली बदाम तिर्री, म्हणजे काहीच नाही. हातात नुसता राजा. आणि ह्याने सगळं मधे ढकललं. फर्हा बराच वेळ विचार करतो, तुझा फ्लश हुकला वाटतं असं पुटपुटतोही, आणि शेवटी पानं टाकतो. समालोचक नॉर्मन चॅडने त्याला शतकातला ब्लफ ठरवलं.

सोफ्यावर बसून हा डाव बघताना आम्ही फर्हाला शिव्या घातल्या होत्या. समोर नुसता राजा आहे, तुझ्याकडे जोडी आहे, भर की लेका! पण फर्हाला राजा दिसतच नव्हता. त्याला काय दिसत होतं ते बघा. टेबलावर तीन इस्पिक, त्यात छक्की-अठ्ठी-नव्वी लागून. समोरच्याकडे दोन इस्पिक असतील तर मी मेलो. दश्शी-सत्ती असेल तर मेलो. सत्ती-पंजी, मेलो. दोन जोड्या, तीन सारखी, मेलो. आणि हुकलेला फ्लश असेल तर जिंकलो. ह्यातलं प्रत्येक किती वेळा असेल, ह्या माणसाकडून किती वेळा असेल, आज सकाळपासून तो कसा खेळलाय, आणि भरायला लागणाऱ्या पैशाच्या बदल्यात मधे किती पडलेत, हे सगळं मिनिटभरात तोलायचं. खेळ म्हणतात तो हाच. बाकी पानं वाटायचं काम मशीनही करतं. आणि नेमका हाच भाग आपण बघताना करत नाही, कारण स्क्रीनच्या कोपऱ्यात उत्तर लिहिलेलं असतं.

नुसतं उत्तर नाही, टक्केसुद्धा. हे टक्के फार फसवे. समजा तुम्हाला फ्लशला एक इस्पिक कमी आहे आणि एकच पान यायचंय. तुम्हाला माहीत असलेली पानं सहा, उरलेली ४६, त्यात कामाची नऊ. म्हणजे साडेएकोणीस टक्के. टीव्हीचा संगणक समोरच्याची दोन पानंही बघतो, म्हणून तो ४४ मधली नऊ धरतो, साडेवीस टक्के. फरक चिल्लर आहे, त्यावर भांडण नाही. पण जोडी विरुद्ध राजा असा डाव असेल तेव्हा टीव्हीचे टक्के म्हणजे 'ह्या दोन माणसांकडे नेमकी हीच पानं असताना'चे टक्के. खेळाडूला हवे असतात ते 'समोरच्याकडे काहीही असू शकतं तेव्हा'चे टक्के. पहिला आकडा पाटीवर फुकट मिळतो, दुसरा काढायला शिकणं म्हणजे पोकर शिकणं. गाइडमध्ये शेवटच्या पानावरची उत्तरं आधी वाचून गणितं 'कळली' म्हणणारी पोरं आठवतात का? परीक्षेच्या आदल्या रात्री मलाही सगळं कळलेलं असायचं. (एम-थ्रीला दोनदा बसलो.)

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो माझ्याच धंद्यातून येईल. यंत्रं कशी शिकली? कार्नेगी मेलनच्या नोम ब्राउन आणि तुओमास सँडहोम ह्यांनी २०१९ साली फेसबुकच्या संशोधकांबरोबर प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम केला, जो सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये व्यावसायिकांना भारी पडला. ६४ कोअरच्या एका सर्व्हरवर आठ दिवसांत त्याची मूळ तयारी झाली. क्लाउडवर भाड्याने घेतलं तर दीडशे डॉलरच्या आत काम. (माझ्या शिक्षणाला पाचशे लागले आणि तेही अपुरं.) त्याला माणसांचा एकही डाव दाखवला नव्हता, तो स्वतःशीच खेळून शिकला. पण खेळ संपल्यावर तो काय करायचा? मागे जाऊन प्रत्येक ठिकाणी विचारायचा: इथे फोल्ड केलं असतं तर काय झालं असतं, वाढवलं असतं तर काय झालं असतं? त्याला चक्क 'रिग्रेट' म्हणतात, आपण हळहळ म्हणू. जिथे हळहळ जास्त, ती चाल पुढच्या वेळी थोडी जास्त खेळायची. म्हणजे सगळ्यांची पानं उघडी करून शिकणं त्यालाही वर्ज्य नव्हतं! मग टीव्हीचं काय चुकलं?

मी ह्यावर बराच विचार केला. दोन गोष्टी सुटतात. एक म्हणजे तो आधी चाल खेळायचा आणि मग हळहळायचा. चाल ठरवताना त्याच्यापुढे फक्त स्वतःची दोन पानं असायची. आपण सोफ्यावर चाल खेळतच नाही, नुसते हळहळतो, तीही दुसऱ्याच्या वतीने. दुसरं म्हणजे एका डावाच्या हळहळीला तो काडीची किंमत देत नाही. तशा अगणित डावांची बेरीज होते तेव्हा कुठे चाल सरकते. आपण एक ब्लफ बघतो आणि धडा घेतो.

बरं, टीव्हीतून काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. नियम कळतात, शब्द कळतात, चिप्स कशा मोजतात, बोलायचं कधी नाही हे कळतं. पहिल्यांदा टेबलावर बसताना तेवढी लाज वाचते. आणि ज्याला आधीच खेळता येतं त्याला तर ही खाणच आहे. प्रतिस्पर्ध्याने कुठल्या पानांवर काय केलं हे एरवी जन्मात कळलं नसतं, ते त्याला घरबसल्या दिसतं. म्हणजे टीव्ही शिकलेल्याला आणखी शिकवतो आणि न शिकलेल्याला धीट करतो. धीट होणं वाईट नाही. पण पानं टाकायला न शिकलेला धीट माणूस टेबलावर बसला की बाकी आठ जणांची संध्याकाळ चांगली जाते.

मला राहून राहून आजोळ आठवतं. मे महिन्यात दुपारी साताऱ्याला सोप्यावर मेंढीकोट चालायचं. दोन मामा, मावशी आणि शेजारचे काका. आम्हा पोरांना पानं मिळायची नाहीत, फक्त बघायचं. पण बघायलाही नियम होता. मोठा मामा सांगायचा, "एकाच्याच मागे बसायचं. फिरायचं नाही." चुकून काकांच्या मागे गेलात आणि परत मामाच्या मागे आलात की "ए चोंबड्या, ऊठ!" म्हणून हकालपट्टी. तेव्हा वाटायचं, चाड्या सांगू नयेत म्हणून हा नियम. असेलही. पण मामाच्या मागे बसलं की तो मधेच पान हातात धरून थांबायचा आणि हळूच विचारायचा, "हुकूम किती राहिले?" मग, "मेंढी कोणाकडे असेल?" आपण सांगायचं आणि मग तो पान टाकायचा. चुकलं की टपली. तीन-चार उन्हाळे असे गेल्यावर एकदा मावशी चहा करायला उठली आणि मामा म्हणाला, "बस तिच्या जागी." आणि मला खेळता आलं! एकदाही पान न धरता, नुसतं बघून शिकलो होतो मी. म्हणजे बघून पत्ते येतात. फक्त एकाच्या मागे बसून बघावं लागतं, आणि पान पडायच्या आधी बोलावं लागतं.

अटलांटिक सिटीहून आल्यावर मी तेच केलं. अखंड प्रक्षेपण लावायचं, एक खेळाडू निवडायचा आणि बाकीच्यांची पानं नि टक्के जिथे दिसतात तिथे लॅपटॉपवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. त्याची पाळी आली की व्हिडिओ थांबवायचा, समोरच्यांकडे काय काय असू शकतं ते वहीत लिहायचं, आपण काय केलं असतं ते लिहायचं, मग चालू करायचं. काय सांगू, तोच कार्यक्रम ओळखू येईना. पहिल्या रात्री दोन तासांत चाळीसेक डाव झाले असतील आणि माझं डोकं दुखायला लागलं. रूममेट दहा मिनिटांत उठून गेला, म्हणाला ह्यात मजा नाही. बरोबर होतं त्याचं. सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर डाव संपल्यावर चिठ्ठी न उचलणं. खऱ्या टेबलावर समोरच्याने पानं टाकली की ती गेली, त्याच्याकडे काय होतं ते कधीच कळत नाही. ते न कळता पुढच्या डावाला तशाच डोक्याने बसायचं असतं. माझा हात सारखा चिठ्ठीकडे जायचा. अजूनही जातो. आणि हो, एवढं करून मी फार मोठा खेळाडू झालोय असं काही नाही. मित्रांत प्लास्टिकच्या चिप्सवर खेळतो, बऱ्याचदा हरतो, पण आता का हरलो ते साधारण सांगता येतं.

तर मावसभाऊ. त्याच्या बॅचच्या पोरांनी ॲपवर बरेच पैसे घालवलेत. २०२५ साली केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा ती वाट बंद झाली, म्हणून आता गोवा. संध्याकाळी त्याला उलट फोन केला. जाऊ नको म्हटलं नाही. २२ वर्षांच्या मुलाला जाऊ नको म्हणणं म्हणजे तिकीट काढून देणं. चिठ्ठ्यांचं सांगितलं. म्हटलं, पन्नास डाव असे बघ, प्रत्येक वेळी आधी लिही आणि मला पाठव. शिवाय हॉस्टेलवर काडेपेटीच्या काड्यांवर चार रात्री खेळा, रात्री किती डाव टाकले ते मोजा. आणि बोटीवर नेशील ते पैसे चढायच्या आधीच गेले म्हणून लिहून ठेव. एटीएम कार्ड खोलीवर.

"आणि तुझे किती गेले होते रे दादा?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

काल रात्री व्हॉट्सॲपवर बारा डाव आले, वहीच्या पानाचे फोटो काढून. अक्षर भयंकर आहे. बारापैकी अकरा डावांत साहेब खेळलेत, टाकलाय फक्त एक. आणि त्या एकापुढे कंसात लिहिलंय, "इथे चिठ्ठी पडली होती."